तेतेबातू: राहायला जा, भाड्याने घ्यायचा विचार करा, मालकीचं विसरा

बाली करून आलेल्या माणसाच्या डोक्यात दोन विचार हमखास घोळतात. एक, पुढच्या वेळी गर्दी नसलेल्या ठिकाणी जायचं. दोन, इथे जरा जागा घेऊन चार खोल्या बांधल्या तर? पहिली हौस भागवणं सोपं आहे. दुसरीच्या आड इंडोनेशियाचा १९६० सालचा जमीन कायदा येतो. तो वाचायच्या आधीच विसार देऊन मोकळे होणारे लोक असतात, म्हणून हा लेख. नुसते नियम सांगितले की डोक्यावरून जातात, तेव्हा एकच गाव घेतो: तेतेबातू.

बालीच्या पूर्वेला लोंबोक बेट आहे. त्याच्या उत्तर भागात ३,७२६ मीटर उंचीचा रिंजानी ज्वालामुखी. त्याच्या दक्षिण उतारावर, पूर्व लोंबोक जिल्ह्यात, तेतेबातू वसलंय. समुद्र नाही, त्यामुळे बहुतेक पर्यटक इकडे वळत नाहीत. पावसाळ्यात भात आणि कोरड्या महिन्यांत तंबाखू, असा इथला शेतीचा फेरा. लोंबोक हे इंडोनेशियातल्या व्हर्जिनिया तंबाखूचं मोठं केंद्र आहे. शेताच्या कडेला विटांच्या उंच, अरुंद कोठड्या दिसतात, त्या तंबाखूची पानं गरम हवेवर सुकवायच्या भट्ट्या. पाहुणा आधी त्यांना पडकं घर समजतो.

२०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने जगभरातली उत्तम पर्यटन-गावं निवडायला घेतली, तेव्हा इंडोनेशियाने पाठवलेल्या तीन नावांत तेतेबातू होतं. निवड जावातल्या न्ग्लांगेरानची झाली. पण नामांकनाने गावाचं नाव थोडंफार बाहेर गेलं, नवे होमस्टे उभे राहिले आणि जमिनीबद्दल विचारणा करणारेही येऊ लागले.

जायचं कसं, राहायचं कसं

लोंबोकचा विमानतळ बेटाच्या दक्षिणेला प्राया गावाजवळ आहे. सिंगापूर आणि क्वालालंपूरहून थेट विमानं येतात, त्यामुळे मुंबईहून बालीत न उतरताही पोहोचता येतं. बाली करूनच यायचं असेल तर पादांगबाई ते लेंबार ही मोठी फेरी बोट चार-पाच तास घेते आणि स्वस्तात पडते. विमानतळावरून गाव रस्त्याने दीड तासावर. सार्वजनिक वाहनांच्या भरवशावर राहू नका, होमस्टेच्या मालकालाच गाडी पाठवायला सांगा. सगळे तसंच करतात.

भारतीय पासपोर्टवर विमानतळावरच व्हिसा मिळतो. शुल्क पाच लाख रुपिया, म्हणजे साधारण पावणेतीन हजार रुपये. मुक्काम ३० दिवस, आणि एकदाच आणखी ३० दिवस वाढवता येतात. या व्हिसावर फिरता येतं, नातेवाइकांना भेटता येतं, बैठकीला बसता येतं. कमाईचं काम करता येत नाही. मित्राच्या होमस्टेत ‘जरा मदत म्हणून’ पाहुण्यांची नोंद करणं किंवा योगाचे वर्ग घेणं हेसुद्धा कामातच मोडतं, आणि त्यासाठी लोकांना परत पाठवलं गेलंय.

मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपातले लोक येतात, तेव्हा खोल्यांना भाव चढतो. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस. रिंजानीच्या वाटा जानेवारी ते मार्च साधारण बंदच असतात. ट्रेकसाठी लोक सेंबालुन किंवा सेनारूहून चढतात. तेतेबातूच्या बाजूनेही वाट आहे, पण बहुतेक जण इथे शिखरासाठी येत नाहीत. भाताच्या खाचरांतून चालायचं, जेरुक मानिस धबधब्याखाली भिजायचं, झाडांवरची काळी माकडं बघायची, लोयोकला बांबूकाम आणि प्रिंगासेलाला हातमागाचं कापड बघून यायचं, एवढाच कार्यक्रम. मला तो पुरतो. ज्याला रोज काहीतरी ‘करायला’ लागतं त्याला तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल.

माणसं सासाक, म्हणजे लोंबोकच्या मूळ समाजातली, धर्म इस्लाम. बालीहून थेट येणाऱ्याला हा बदल लगेच जाणवतो. लोंबोकच्या विमानतळाला झैनुद्दीन अब्दुल मजीद यांचं नाव आहे. त्यांनीच १९५३ मध्ये याच जिल्ह्यातल्या पांचोर इथे नहदलातुल वतन ही धर्मशिक्षणाची संघटना उभी केली. तिच्या शाळा आणि मदरसे बेटभर आहेत, त्यावरून इथल्या समाजाचा कल कळावा. पहाटे अजानीने जाग येणार, शुक्रवारी दुपारी कामं थांबणार, रमजानात दिवसा खाण्याची पंचाईत होणार. बिअर मिळेलच असं नाही. कपडे जरा अंगभर घालावेत. लग्नाची न्योंगकोलान मिरवणूक मोठाले ढोल वाजवत निघाली की रस्ता अडतो, आणि हॉर्न वाजवणारा माणूस त्या दिवशी गावात सर्वांत मूर्ख ठरतो.

घराबाहेर बेरुगाक असतो: चार किंवा सहा खांबांवरचा, जमिनीपासून उचललेला उघडा माच, वर छप्पर. पाहुणा आला की तो इथे बसतो, घरात नाही. कॉफी येते, जुन्या पद्धतीने भाजलेल्या तांदळासोबत दळलेली, गाळ तळाला बसलेली. जमिनीचा व्यवहार असो, मुलीच्या लग्नाची बोलणी असोत की रिंजानीचा वाटाड्या ठरवायचा असो, सगळं याच माचावर होतं. तुमच्याशीही जे काही बोलणं होईल ते इथेच होईल, म्हणून बसायची सवय करून घ्या.

शाकाहारी माणसासाठी एक सूचना. टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टोफू, भात, पालेभाज्या मुबलक आहेत, पण मिरचीच्या सांबालमध्ये तेरासी असते, म्हणजे आंबवून वाळवलेल्या कोळंबीचा गोळा. लोंबोकची प्रसिद्ध पालेभाजी प्लेचिंग कांगकुंगसुद्धा त्यातून सुटत नाही. कोकणातल्या माणसाला वास ओळखीचा वाटेल. बाकीच्यांनी ‘तानपा तेरासी’ म्हणजे तेरासीशिवाय, असं आधीच सांगावं.

आजारपणाला गावपातळीवर सरकारी आरोग्य केंद्र, त्यावर सेलोंग या जिल्ह्याच्या गावी रुग्णालय. त्या रुग्णालयाला डॉ. सुजोनो यांचं नाव आहे, आणि तेतेबातूतल्या जुन्या अतिथिगृहालाही तेच. मोठी शस्त्रक्रिया निघाली तर लोंबोकचं मुख्य शहर माताराम किंवा बाली गाठावी लागते. निवृत्तीनंतर इथे राहायचं स्वप्न बघणाऱ्यांनी आधी या अंतराचा हिशोब करावा, मग निसर्गाचा.

जमीन

आता मुद्द्याचं. इंडोनेशियात जमिनीवरचे हक्क एकाच प्रकारचे नसतात, पायऱ्यापायऱ्यांचे असतात. सर्वांत वरचा ‘हाक मिलिक’, म्हणजे कायमची, वारशाने जाणारी पूर्ण मालकी. १९६० च्या जमीन कायद्याचं २१ वं कलम सांगतं की तो फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळतो. परकीयाला वारशाने किंवा लग्नामुळे आला, तरी वर्षभरात सोडावा लागतो. आणि प्रौढ माणसाला दुहेरी नागरिकत्व हा देश देत नाही, त्यामुळे तो रस्ताही बंद.

मग दलाल म्हणतो, काही काळजी करू नका, जमीन माझ्या मेहुण्याच्या नावावर घेऊ, पैसे तुमचे. याला तिथे ‘पिंजाम नामा’ म्हणतात, उसनं नाव. आपल्याकडचा बेनामी व्यवहारच तो. सोबत कागदांची चळत येते: मेहुण्याने तुमच्याकडून कर्ज घेतल्याचा करार, तुम्हाला दिलेलं मुखत्यारपत्र, दीर्घ मुदतीचा भाडेकरार, कधीकधी मृत्युपत्रसुद्धा. नोटरीचा शिक्का बघून माणूस निर्धास्त होतो. पण त्याच कायद्याचं २६ वं कलम म्हणतं की परकीयाकडे मालकी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे नेणारा प्रत्येक व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येणार नाहीत. ‘अप्रत्यक्षपणे’ या एका शब्दाने ती सगळी चळत निकामी होते. रद्द न होणारी मुखत्यारपत्रं जमिनीसाठी वापरायला तर १९८२ पासूनच मनाई आहे.

लोक सांगतात की अमक्याचं वीस वर्षं चाललंय. चालतं, भांडण होत नाही तोवर. भांडण झालं, मेहुणा वारला, त्याचा घटस्फोट झाला की जमीन कागदोपत्री ज्याची आहे त्याची, नाहीतर सरकारची. तुम्ही तर कोर्टात जाऊन ‘आम्ही कायदा चुकवायला हे केलं’ असंही म्हणू शकत नाही.

इंडोनेशियन जोडीदार असेल तरी गुंता आहे. लग्नात मालमत्ता एकत्र धरली जाते, त्यामुळे नागरिक असलेल्या जोडीदाराचाच हक्क अडचणीत यायचा. लग्नापूर्वी वेगळ्या मालमत्तेचा करार केला असेल तरच सुटका. २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने असा करार लग्नानंतरही करता येईल असं सांगितलं, तेव्हा अनेक जोडप्यांचा जीव भांड्यात पडला.

खालच्या पायऱ्या परकीयाला खुल्या आहेत. ‘हाक पाकाई’ म्हणजे वापराचा हक्क: ३० वर्षं, मग २०, मग पुन्हा ३०, अशी जास्तीत जास्त ८० वर्षं. रहिवासाचा कायदेशीर परवाना असलेल्या परकीयाला यात घर घेता येतं. मात्र प्रांतागणिक घराची किमान किंमत ठरवून दिलेली आहे आणि गावातलं साधं घर तिच्या आसपासही येत नाही. ही सोय शहरातल्या महागड्या घरांसाठी आहे. ‘हाक गुना बांगुनान’, इमारत बांधायचा हक्क, त्याच ३०-२०-३० मुदतीचा; तो परकीय व्यक्तीला नाही, पण तिथे नोंदलेल्या परकीय भांडवलाच्या कंपनीला मिळतो. शेवटची पायरी भाडेपट्टा. तो तिथे राहणाऱ्या परकीयाला घेता येतो, आणि व्यवहारात बहुतेक लोक इथेच येऊन थांबतात.

शेतजमिनीचं आणखी वेगळं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे आपल्याला माहीत आहे. इंडोनेशियात जमीन ज्या तालुक्यात आहे तिथे न राहणाऱ्याला शेतजमीन ठेवता येत नाही, मग तो जकार्त्याचा नागरिक का असेना. शिवाय २००९ च्या कायद्याने चांगली भातखाचरं अन्नासाठी राखून ठेवायची तरतूद केली. तेतेबातूतलं जे खाचर बघून तुम्ही हरखता, जिथे ओसरीवर बसून रिंजानी दिसेल असं वाटतं, तेच नेमकं राखीव असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ‘सगळे बांधतात’ हे उत्तर ऐकायला मिळेल. उत्तर खरं असलं तरी परवाना त्याने मिळत नाही.

मला हा कायदा जाचक वाटत नाही. डच वसाहतीत जमिनीचं काय झालं ते बघून स्वतंत्र देशाने तो केला. दक्षिण लोंबोकमध्ये मंडालिकाचा पर्यटन प्रकल्प आणि मोटारसायकल शर्यतींचा ट्रॅक आल्यावर किनाऱ्यालगतच्या जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले. तेतेबातूचा शेतकरी अजून आपल्याच खाचरात उभा आहे, त्यात या कलमांचा वाटा आहे.

धंदा

‘मग कंपनी काढू’ हा पुढचा विचार. काढता येते. पण परकीय भांडवलाच्या कंपनीने मोठ्या प्रमाणावरचाच धंदा करावा, असा नियम आहे, आणि मोठा म्हणजे एकूण गुंतवणूक १० अब्ज रुपियांच्या वर. आपल्या पैशात सव्वापाच कोटींच्या घरात. लहान धंदे मुद्दाम स्थानिकांसाठी सोडलेले आहेत. चार खोल्यांचा होमस्टे हा तसाच.

आता आकडे मांडून बघू. साध्या होमस्टेची एक खोली रात्रीला तीन लाख रुपियाला जाते असं धरा, म्हणजे सोळाशे रुपये. चार खोल्या, वर्षाच्या ४० टक्के रात्री भरलेल्या. १४६ रात्री गुणिले चार, म्हणजे ५८४ खोली-रात्री. उत्पन्न साडेसतरा कोटी रुपिया, आपले नऊ-सव्वानऊ लाख. यातून नाश्ता, कपडे धुणं, दोन माणसांचा पगार, बुकिंगच्या ॲपचं कमिशन, कर आणि डागडुजी जायची. स्थानिक कुटुंबाला हे परवडतं, कारण जमीन वडिलोपार्जित, कामाला घरचीच माणसं आणि जोडीला तंबाखू. तुम्हाला १० अब्ज रुपियांच्या अटीवर हेच करायचं तर खर्च वजा करायच्या आधीच परतावा पावणेदोन टक्के. आपली पोस्टातली ठेव याहून बरी.

भारतातून पैसे पाठवायलाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. १० अब्ज रुपिया म्हणजे सहा लाख डॉलरच्या आसपास, एका माणसाच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढे गेलात की बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परकी चलनाच्या नियमांत स्थावर मालमत्ता घेण्यात धरला जात नाही, त्याहून लांब असेल तर धरला जातो. परदेशातली मालमत्ता आणि बँक खातं प्राप्तिकर विवरणपत्राच्या वेगळ्या परिशिष्टात दाखवावं लागतं. लपवलं तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. लोंबोकचा वकील हे तुम्हाला सांगणार नाही, तुमच्या सीएला विचारा.

नोकरी भारतात किंवा अन्य देशात आणि राहणं तिथे, असं करायचं असेल तर दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी एक वर्षाचा परवाना आहे. त्यासाठी वर्षाला किमान ६०,००० डॉलर कमाई दाखवावी लागते. बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त राहिलात तर इंडोनेशिया तुम्हाला करापुरतं आपलं समजतो, हेही ध्यानात ठेवा.

तरीही भाड्याने घ्यायचं असेल तर

तिथे रहिवासाचा परवाना असेल, स्वतःच्या राहण्यापुरतं छोटं घर हवं असेल, आणि गेलेला पैसा गेला असं समजायची तयारी असेल, तर भाडेपट्टा हा सरळ मार्ग आहे. लोंबोकमध्ये जमीन आरमध्ये मोजतात, आपल्या सातबाऱ्यावर असतो तोच आर, १०० चौरस मीटरचा. भाव सांगतात तो दर आरला, दर वर्षाला. पैसे मात्र पंचवीस-तीस वर्षांचे एकदम मागतात. सगळे आगाऊ देऊ नका. पाच-पाच वर्षांच्या हप्त्यांत मान्य होत नसेल तर दुसरी जागा बघा.

‘मुदत संपल्यावर बाजारभावाने वाढवून मिळेल’ हे कलम दिसलं की त्याला शून्य किंमत द्या. तेव्हाचा बाजारभाव मालकच सांगणार. वाढीव मुदतीचा दर आत्ताच आकड्यात लिहून घ्या. जमीन विकली तरी भाडेकरार मोडत नाही हे तिथल्या दिवाणी संहितेत आहे, तरी ते करारातही असू द्या.

पाण्याबद्दल पेकासिहला विचारा. पाटाच्या पाण्याची पाळी ठरवणारा हा माणूस असतो. तुमच्या जागेतून चारी जात असेल, तर ती बुजवायचा हक्क तुम्हाला कुठल्याही कराराने मिळत नाही. रस्त्याचंही तसंच: कोरड्या महिन्यांत ज्या बांधावरून स्कूटर नेलीत, तो बांध शेजाऱ्याचा असतो. जागा पावसात बघा, फेब्रुवारीत.

बांधकामाच्या बाबतीत कंजूषी नको. २०१८ च्या ५ ऑगस्टला ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात पाचशेहून जास्त माणसं गेली. उत्तर लोंबोकचं सर्वाधिक नुकसान झालं, आणि त्याच महिन्याच्या १९ तारखेला पूर्वेकडे पुन्हा मोठा धक्का बसला. लोखंडी सळ्यांचे खांब आणि पट्टे न घालता रचलेल्या विटांच्या भिंतींनीच माणसांचा घात केला. नंतर सरकारने जोडणीच्या सिमेंट-सांगाड्याची घरं उभी केली. त्या सांगाड्याचं काम जाणणारे गवंडी बेटावर आहेत, त्यांनाच शोधा.

आणि कागद. मालक कधीकधी जुनी करपावती पुढे करतो. ती मालकीचा पुरावा नव्हे. जमीन कार्यालयाचं मूळ प्रमाणपत्र मागा आणि ते तिथे जाऊन तपासून घ्या. प्रमाणपत्रावर आजोबांचं नाव असेल तर सगळे वारस कोण ते दुसुन-प्रमुखाकडून, म्हणजे वाडीच्या मुखियाकडून, काढा. बहिणींनाही हिस्सा असतो, त्यांना वगळून झालेल्या करारांचीच भांडणं जास्त होतात. पूर्व लोंबोकमधून मलेशियातल्या पामच्या मळ्यांत कामाला जाणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे वारसांतला एखादा भाऊ तिकडे असतोच. ‘तो काही बोलणार नाही’ असं बेरुगाकवर कॉफी पीत सगळे सांगतील. त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या इंडोनेशियन वकिलातीत साक्षांकित होऊन हातात पडेपर्यंत विसाराचा एक रुपियाही देऊ नका.